शंकापेटी: घाण्याच्या बैलाचा सरासरी स्पीड किती?

या वेळी पेटीत गोल फिरणाऱ्या गोष्टींचीच पत्रं जास्त निघाली, बहुतेक नववीची चाचणी नुकतीच झाली असावी. त्यातली पाच घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, पण भांडणही तिथलंच सगळ्यात मोठं होतं.

प्रश्न: नमस्कार बाई, मुलगी नववीत आहे, मराठी मीडियम. चाचणीत प्रश्न होता की ७० मीटर त्रिज्येच्या गोल ट्रॅकवर एक मुलगा एकसारखा पळतोय, एका फेरीला ८८ सेकंद लागतात, तर ३ मिनिटं ४० सेकंदांत त्याची सरासरी चाल किती आणि सरासरी वेग किती. हिने दोन्हीकडे ५ मीटर प्रति सेकंद लिहिलं. चालीला पूर्ण मार्क आणि वेगाला भोपळा. सरांना विचारलं तर म्हणाले पुस्तकात बघा. मिस्टर म्हणतात चाल काय नि वेग काय एकच, उगाच मार्क कापलेत. मी आर्ट्सची, मला यातलं काही कळत नाही पण पोरगी दोन दिवस तोंड पाडून बसलीये. नक्की कोण बरोबर? – एक आई, सातारा

उत्तर: ताई, सर बरोबर आहेत, मिस्टरांना हे जरा हळूच सांगा. पण 'पुस्तकात बघा' हे काही उत्तर नव्हे, त्याबद्दलचा तुमचा राग मला मान्य आहे.

आणि मिस्टरांचीही चूक म्हणवत नाही, कारण आपण रोजच्या बोलण्यात 'वेग' हाच शब्द वापरतो ना. बातमीत सुद्धा 'ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक' असंच छापून येतं. 'चाल' म्हटलं की आपल्याला गाण्याची चाल आठवते नाहीतर सैन्य चाल करून येतं ते, गाडीची चाल कोणी म्हणत नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकात हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत. चाल म्हणजे एकूण किती अंतर कापलं भागिले वेळ. वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ, आणि विस्थापन म्हणजे निघालो तिथपासून पोचलो तिथपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती किती लांब आणि कुठल्या दिशेला. मधे तुम्ही किती वळसे घेतले याच्याशी विस्थापनाला काही देणंघेणं नाही.

आता मुलीचं गणित. फेरीची लांबी म्हणजे परीघ, २ गुणिले २२/७ गुणिले ७०, झाले ४४० मीटर. ३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे २२० सेकंद, एका फेरीला ८८, म्हणजे बरोबर अडीच फेऱ्या. अंतर ११०० मीटर, भागिले २२०, चाल ५ मीटर प्रति सेकंद. इथपर्यंत मुलीचं शंभर टक्के बरोबर. आता वेग. अडीच फेऱ्या झाल्यावर मुलगा कुठे आहे? निघाला त्याच्या बरोब्बर समोर. दोरी ताणली तर ती वर्तुळाच्या मधून जाते, म्हणजे व्यास, १४० मीटर. १४० भागिले २२०, आलं ०.६४ मीटर प्रति सेकंद. कुठे ५ आणि कुठे ०.६४! पेपर काढणाऱ्याने अडीच फेऱ्या मुद्दाम घेतल्यात, पूर्ण दोन घेतल्या असत्या तर वेग सरळ शून्य आला असता.

शून्य म्हटलं की पोरं हसतात, म्हणतात बाई तो पळतोय आणि वेग शून्य? मी वर्गात घाण्याचा बैल सांगायचे. माझ्या आजोळी लाकडी घाणा होता (आता लाकडी घाण्याच्या तेलाला परत भाव आलाय, पण तिथे बहुतेक मोटर असते, बैल नाही). समजा बैल मधल्या खांबापासून ३ मीटरवर चालतोय, एक फेरी साधारण १९ मीटरची, तिला धरा २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर, ताशी २.७ किलोमीटर. चार तास जुंपला तर जवळजवळ अकरा किलोमीटर चालणं होतं बिचाऱ्याचं, आणि सोडला तेव्हा जिथे जुंपला होता तिथेच उभा. चाल आहे, घाम आहे, तेलपण निघालंय, पण सरासरी वेग शून्य. 'घाण्याच्या बैलासारखं राबतोय' असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो तेव्हा आपल्याला नेमकं हेच तर म्हणायचं असतं की.

मुलीला अजून एक करून बघायला सांगा, यात खरी मजा आहे. त्याच ट्रॅकवर पाव फेरीनंतरचा वेग काढायचा. २२ सेकंद झाले, दोरीची लांबी ७० गुणिले १.४१४, म्हणजे ९९ मीटर, वेग ४.५. अर्ध्या फेरीला १४० भागिले ४४, म्हणजे ३.१८. पाऊण फेरीला परत दोरी ९९ च, पण वेळ ६६ सेकंद, म्हणजे फक्त १.५. पूर्ण फेरीला शून्य. चाल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ५ ची ५. आता उलटीकडे जा, फक्त पहिल्या एका सेकंदाचं बघा. मुलगा ५ मीटर पळाला आणि दोरी भरते ४.९९९ मीटर, फरक जेमतेम मिलिमीटरभर, म्हणजे वेग आणि चाल जवळजवळ एकच. वेळ जितका थोडा तितके हे दोघं जवळ येतात. म्हणून मोटरसायकलच्या काट्याकडे बघून 'वेग ६०' म्हटलं तर फार बिघडत नाही, बिघडतं ते लांबचा हिशोब करताना.

आणि 'चाल एकसारखी आहे तर वेग बदलतो कसा' असं तिने विचारलंच तर गोफण आठवायला सांगा. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकताना गोफण गरगर फिरवतात आणि एक टोक सोडतात, तेव्हा दगड गोल जात नाही, त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असतं तिकडे सरळ सुटतो. मीटरभर लांबीची गोफण सेकंदाला दोनदा फिरवली तर दगड ताशी ४५ किलोमीटरने सुटतो, पण एक झटका आधी सोडली तर ज्वारीत आणि नंतर सोडली तर शेजाऱ्याच्या पत्र्यावर. चाल तीच, दिशा वेगळी, म्हणजे वेग वेगळा.

एक तक्रार माझीपण. मुलांना '२ पाय आर भागिले टी' (म्हणजे परीघ भागिले एका फेरीचा वेळ) हे आरतीसारखं पाठ करवून घेतात. ते चालीचं सूत्र आहे आणि फक्त एका पूर्ण फेरीचं. अर्धी, पाव, अडीच फेरी आली की पोरं अडकतात. सूत्राआधी बोटाने वर्तुळ गिरवायचं, कुठून निघाला, कुठे थांबला, मधे किती फेऱ्या झाल्या, आणि मग भागाकार.

प्रश्न: मॅडम, मी बँकेतून रिटायर झालोय, रोज सकाळी स्टेडियमच्या ट्रॅकवर चालतो. परवा मोबाईलच्या अ‍ॅपवरून मित्राशी पैज लागली. पहिला राउंड मी आरामात ताशी ४ किमीने मारला, दुसरा जोरात ताशी ६ ने. सरासरी सरळ ५ यायला पाहिजे, अ‍ॅप ४.८ दाखवतं. मित्र म्हणतो अ‍ॅप बरोबर. मी ३४ वर्षं व्याज काढलंय हो, मला सरासरी येत नाही का? – नागपूर

उत्तर: काका, चहा तुमच्याकडून. अ‍ॅप बरोबर आहे.

४०० मीटरचा राउंड धरू. ताशी ४ ने त्याला ६ मिनिटं लागली, ताशी ६ ने ४ मिनिटं. एकूण ८०० मीटर, एकूण १० मिनिटं, म्हणजे तासाला ४.८ किलोमीटर. तुम्ही दोन स्पीडची बेरीज करून दोनाने भागलं, ते चालतं कधी, तर दोन्ही स्पीडने सारखा *वेळ* चाललात तर. दहा मिनिटं ४ ने आणि दहा मिनिटं ६ ने, मग ५ बरोबर. तुम्ही सारखं *अंतर* चाललात, म्हणजे हळू चालण्यात जास्त वेळ गेला आणि त्या ४ चं वजन हिशोबात वाढलं. व्याजातच बघा ना, वर्षातले ८ महिने एक दर आणि ४ महिने दुसरा असेल तर तुम्ही दोन दरांची सरळ सरासरी घेतली असती का? नसती घेतली, महिने मोजले असते. इथेही तेच.

आता मित्राला हरवायचं असेल तर त्याला हे विचारा. पहिला राउंड ताशी ४ ने झालाय, दुसरा किती स्पीडने मारला म्हणजे दोन्हीची सरासरी ८ येईल? तो पटकन १२ म्हणेल. पण ८०० मीटर ताशी ८ ने जायचे तर एकूण ६ मिनिटंच मिळतात, आणि ती सहाच्या सहा पहिल्या राउंडमध्येच संपली. रॉकेट बांधलं तरी जमणार नाही. चहा वसूल.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही पण सांगते. तुम्ही कुठल्या लेनमधून चालता? स्टँडर्ड ट्रॅकचे ४०० मीटर हे फक्त सगळ्यात आतल्या लेनचे, ते पण आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजलेले. दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, त्यामुळे बाहेर जाल तशी वळणं मोठी होत जातात आणि आठव्या लेनचा राउंड ४५३ मीटरचा भरतो. म्हणूनच ४०० मीटरच्या शर्यतीत बाहेरचे खेळाडू पुढे उभे केलेले दिसतात, बघणाऱ्याला वाटतं यांना आधीच लीड दिलाय. सकाळी ग्रुपने गप्पा मारत जो बाहेरून चालतो तो दहा राउंडमध्ये अर्धा किलोमीटर जास्त चालतो, आणि राउंड मोजून 'चार किलोमीटर झाले' म्हणतो. स्वतःच्याच सरासरीवर अन्याय आहे हा.

प्रश्न: बाई, आमच्याकडं पूर्वी खळ्यावर बैलांनी मळणी व्हायची. वडील म्हातारा बैल कायम तिवड्याजवळ, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाजवळ, बांधायचे आणि तरणा बैल बाहेरच्या कडेला. मी विचारलं की म्हणायचे, तो दमतो. पण सगळे बैल एकाच दाव्यात, एकत्रच फेरी पूर्ण करायचे, मग एकाला जास्त आणि एकाला कमी कसं? आता मळणी मशीनवर होते, वडीलपण नाहीत, पण हे डोक्यातून जात नाही. – बार्शी

उत्तर: दादा, तुमच्या वडिलांना जे कळलं होतं ते शिकवायला मला दोन तास लागायचे.

पात धरली की सगळे बैल एका रांगेत तिवड्याभोवती फिरतात, फेरीला लागणारा वेळ सगळ्यांना सारखाच. पण वर्तुळ प्रत्येकाचं वेगळं. आतला बैल तिवड्यापासून दीड मीटरवर असेल तर त्याची फेरी साडेनऊ मीटरची, बाहेरचा साडेचार मीटरवर असेल तर त्याची सव्वाअठ्ठावीस मीटरची. फेरीला अर्धा मिनिट धरला तर आतला ताशी सव्वा किलोमीटरपेक्षाही कमी चालीने नुसता पाय उचलत राहतो आणि बाहेरच्याला ताशी ३.४ ने चालावं लागतं. बरोब्बर तिप्पट, कारण मधल्यापासूनचं अंतर तिप्पट. पंधरा फेऱ्या झाल्या की म्हाताऱ्याचं चालणं १४१ मीटर आणि तरण्याचं ४२४. वडील 'त्रिज्या' म्हणाले नाहीत एवढंच.

म्हणून गोल फिरणाऱ्या वस्तूची 'चाल किती' असं नुसतं विचारून भागत नाही, कुठल्या टोकाची ते सांगावं लागतं. घरच्या पंख्याचंच घ्या. मी एकदा एका पात्याच्या टोकाला लाल टेप चिकटवली, पंखा पाचवर ठेवला आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, सेकंदाला २४० चित्रं. मग एक एक चित्र पुढे सरकवत टेप मोजत बसले, घरच्यांना वाटलं रिटायरमेंटचा परिणाम. दहा फेऱ्यांना ४१२ चित्रं लागली, म्हणजे १.७२ सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ३५० फेऱ्या. पंखा १२०० मिलिमीटरचा, टोकाची एक फेरी ३.७७ मीटर. गुणाकार करा, टोक ताशी ७९ किलोमीटरने जातंय! आणि मधल्या वाटीजवळ, मध्यापासून दहा सेंटीमीटरवर, तेच पातं ताशी १३ ने. धूळ मात्र ७९ ने पळणाऱ्या टोकावरही बसतेच, हे पण बघून ठेवा. करून बघणार असाल तर पंखा बंद करून टेप लावा, घट्ट लावा, आणि स्टुलावरून पूर्ण खाली उतरल्यावरच बटन दाबा.

प्रश्न: माझा नातू न्यू जर्सीला असतो, व्हिडिओ कॉलवर विचारतो आजी, पृथ्वी फिरते तर तू जास्त जोरात फिरतेस का मी? मी म्हटलं विचारून सांगते. – एक आजी, पुणे

उत्तर: आजी, तुम्ही! आणि चांगल्या फरकाने.

वरचं बैलांचं उत्तर वाचलंत तर हे दोन ओळींचं काम आहे. पृथ्वीचा अक्ष म्हणजे तिवडा. विषुववृत्तावरचा माणूस अक्षापासून सगळ्यात लांब, त्याची फेरी ४०,०७५ किलोमीटरची. जसजसं उत्तरेला जाल तसतसं अक्षाच्या जवळ, फेरी लहान. पुणं साधारण साडेअठरा अंशावर, तिथली फेरी सुमारे ३८,००० किलोमीटरची, आणि ती होते २३ तास ५६ मिनिटांत (ती ४ मिनिटं का कमी, ते पुढे कधीतरी, सूर्याची भानगड आहे). म्हणजे तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या ताशी १,५८८ किलोमीटरने जाताय. नातू चाळीस-साडेचाळीस अंशावर, तो ताशी १,२७३ च्या आसपास. आजी ३१५ ने पुढे. नातवाला सांगा तू आतला बैल.

हा फुकटचा स्पीड वायाही जात नाही. श्रीहरिकोटा अजून दक्षिणेला, पावणेचौदा अंशाजवळ, तिथली जमीन सेकंदाला साधारण ४५० मीटरने पूर्वेला जातेच आहे. पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तेवढं आधीच मिळालेलं असतं, वर समोर बंगालचा उपसागर मोकळा. आणि सूर्याभोवतीची फेरी धरली तर मग तुम्ही आणि नातू दोघंही सेकंदाला जवळपास ३० किलोमीटरने निघालाय. ती पण सरासरीच बरं का, कारण ती वाट अगदी गोल नाही, जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते तेव्हा ३०.३ आणि जुलैत लांब असते तेव्हा २९.३.

प्रश्न: मी सातवीत आहे. माझ्या सायकलच्या टायरमध्ये खडा रुतला होता. सायकल ताशी १५ ने चालली तर खडापण १५ नेच जातो ना? दादा म्हणतो नाही, जास्त. – चिपळूण

उत्तर: दादाला शाबासकी दे, आणि तुलापण, हा या महिन्यातला माझा आवडता प्रश्न.

सायकल स्टँडला लावून पेडल मारलंस तर खडा नुसता गोल फिरेल आणि काट्यावर १५ असेल तर खडापण १५. पण रस्त्यावर खडा गोलपण फिरतो आणि सायकलबरोबर पुढेपण जातो. खडा वर असतो तेव्हा दोन्ही एकाच दिशेने, १५ अधिक १५, म्हणजे ३०! खाली रस्त्याला टेकतो तेव्हा दोन्ही उलट, १५ उणे १५, त्या क्षणाला खडा चक्क थांबलेला असतो. मग सरासरी १५ च आली पाहिजे असं वाटतं ना? नाही येत. खडा हवेत कमानी काढत जातो, आणि एका कमानीची लांबी चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट असते. हे क्रिस्टोफर रेन नावाच्या इंग्रज माणसाने १६५८ मध्ये सिद्ध केलं. तेवढ्या वेळात सायकल पुढे जाते परिघाएवढी, म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. ४ भागिले ३.१४ केलं की १.२७. तुझी सायकल १५ ने तर खडा सरासरी १९ ने. दादाचं 'जास्त' बरोबर. (आणि सरासरी *वेग* विचारलास तर एका पूर्ण फेरीचा तो १५ च, का ते पहिल्या पत्राचं उत्तर वाचून तूच शोध.)

पटत नसेल तर रिमच्या कडेला रेडियमचा छोटा तुकडा चिकटव, अंधार पडल्यावर अंगणात दादाला सायकल हळू चालवायला सांग आणि तू बाजूला बसून त्याच्यावर टॉर्च धर. कमानी दिसतील. आणि दिवसा कोणी चालत्या सायकलचा फोटो काढला असेल तर त्यात चाकाच्या तारा बघ, खालच्या स्पष्ट येतात आणि वरच्या पुसलेल्या.